कोल्हापूरच्या रानातला शेकरू

कोल्हापूरहून भोगावतीच्या खोऱ्याने राधानगरी आणि पुढे दाजीपूरकडे जाताना उसाची शेते मागे पडतात आणि जांभूळ, अंजनी, हिरडा, उंबर यांचे दाट रान सुरू होते. संस्थानकाळात छत्रपतींच्या शिकारीसाठी राखलेल्या या रानात १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचे क्षेत्र वाढून सुमारे ३५१ चौरस किलोमीटर झाले आणि २०१२ साली पश्चिम घाटासोबत राधानगरीची नोंद जागतिक वारशात झाली. गव्याच्या नावाने राखलेल्या याच रानात, झाडांच्या शेंड्यांवर, महाराष्ट्राचा राज्यप्राणी राहतो. तो म्हणजे शेकरू.

शेकरू ही खारीच्या कुळातील कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या, प्राण्यांची एक मोठी जात आहे. त्याचे वजन दीड ते दोन किलो भरते आणि झुबकेदार शेपूट अंगापेक्षाही लांब असू शकते. तो दिवसा वावरतो, बहुधा एकटा राहतो आणि फळे, फुले, बिया, कोवळी पाने व साल खातो. काटक्या आणि पाने गुंफून तो झाडाच्या वरच्या, बारीक फांद्यांवर गोल घरटी बांधतो. एकच शेकरू अशी अनेक घरटी राखतो. धोका जाणवला की तो फांदीला अंग चिकटवून निश्चल होतो. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. सहा मीटरपर्यंत झेप घेऊन तो झाडावरून झाडावर जातो, आणि त्याच्या संवर्धनाचा सारा प्रश्न या झेपेशी येऊन थांबतो.

ही जात फक्त भारतात आढळते. सह्याद्रीची रांग, सातपुडा, मेळघाट आणि पूर्व घाटातून ओडिशापर्यंत तिचा पसारा आहे. सह्याद्रीत दक्षिणेकडे जावे तसा तिच्या पाठीवरचा आणि शेपटीवरचा काळा रंग वाढत जातो. पसारा एवढा मोठा असल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, तिला ‘किमान चिंताजनक’ या वर्गात ठेवले आहे. त्याच नोंदीत तिची संख्या घटत असल्याचेही म्हटले आहे, आणि आमच्या मते ही दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. संपूर्ण पसाऱ्याची सरासरी काढली की ठिकठिकाणची पडझड त्यात झाकली जाते. गुजरातच्या डांग भागातील फिकट रंगाची उपजाती नामशेष झाली असावी, असे मानले जाते. भीमाशंकरला मात्र १९८५ साली मुख्यतः शेकरूसाठीच अभयारण्य जाहीर झाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूच्या शिकारीवर बंदी आहे. पण झाडांची सलगता तुटली तर हा कायदा फारसा उपयोगी पडत नाही. घाटरस्ता रुंद झाला, विजेच्या वाहिनीसाठी पट्टा मोकळा केला, मालकीच्या रानात तोड झाली किंवा रानाच्या जागी काजूची बाग आली, की दोन शेंड्यांमधले अंतर झेपेच्या आवाक्याबाहेर जाते. मग शेकरूला एकतर जमिनीवर उतरून बिबट्याचा आणि कुत्र्यांचा धोका पत्करावा लागतो, नाहीतर त्याच तुकड्यात अडकून पडावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरी आणि शाहूवाडीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, बॉक्साईटचे उत्खनन झाले. त्याच्या वाहतुकीचे रस्ते रानातूनच गेले.

उत्तरेला चांदोली आणि दक्षिणेला राधानगरी यांच्यामध्ये विशाळगड, पन्हाळा आणि गगनबावडा हा भाग येतो. राधानगरीच्या खाली भुदरगड, आजरा आणि चंदगड लागतात. यातील काही वनक्षेत्रांना अलीकडे संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, ही खरोखर समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यांच्या मधल्या मालकीच्या रानांवर आणि गावोगावच्या देवरायांवरही शेकरूचा मार्ग अवलंबून आहे. देवाच्या धाकाने ज्या झाडांना पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लागली नाही, त्यांच्या जुन्या, पसरट फांद्या त्याला घरट्यासाठी आणि अन्नासाठी मिळतात. म्हणून घरट्यांची मोजणी अभयारण्याच्या हद्दीवर थांबू नये; ती आजरा, भुदरगड आणि चंदगडच्या देवरायांत व मालकीच्या रानांतही दरवर्षी, गावकऱ्यांना सोबत घेऊन व्हावी. जिथे रस्त्याने शेंड्यांची सलगता आधीच तोडली आहे, तिथे दोराचे किंवा बांबूचे पूल बांधून पाहावेत. रस्त्याकडेला आज लावलेल्या जांभळाची फांदी पलीकडच्या झाडाजवळ पोहोचायला अनेक वर्षे लागतात. तेव्हा घाटाच्या रुंदीकरणाच्या आराखड्यात नव्या लागवडीच्या आकड्याआधी, रस्त्यावर फांद्या जुळलेल्या उभ्या झाडांची यादी यायला हवी.