बुंगेची चाळणी : केनियाच्या मंत्रिमंडळाची फेरमांडणी

[25 जून 2024. नैरोबी. संसद भवनावरचा धूर, लांबून.]

हे केनियाचं संसद भवन. स्वाहिलीत याला ‘बुंगे’ म्हणतात. आत करवाढीचं अर्थ विधेयक 195 विरुद्ध 106 मतांनी मंजूर झालं आणि थोड्याच वेळात आंदोलक कुंपण ओलांडून आवारात शिरले. पावावर 16 टक्के व्हॅट आणि गाड्यांवर दरवर्षी अडीच टक्के कर, या तरतुदी सरकारने आठवडाभर आधीच मागे घेतल्या होत्या. पण बाकीचं विधेयक तसंच पुढे रेटलं आणि रस्त्यावर उतरलेली तरुण मुलं परत फिरली नाहीत. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी विधेयकावर सही करायला नकार दिला. 1 जुलैपर्यंत केनियाच्या मानवी हक्क आयोगाने 39 मृत्यू मोजले होते.

[11 जुलै. स्टेट हाउस. माइकसमोर रुटो.]

गुरुवार. या एका निवेदनात जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ गेलं. ॲटर्नी जनरलही गेले. उरले दोघे. उपराष्ट्राध्यक्ष रिगाथी गाचागुआ, कारण ते राष्ट्राध्यक्षांबरोबर एकाच मतपत्रिकेवर निवडून आलेले असतात आणि त्यांना नुसत्या आदेशाने काढता येत नाही. आणि मुसालिया मुदावादी, परराष्ट्र खातं सांभाळणारे ‘प्राइम कॅबिनेट सेक्रेटरी’. गंमत म्हणजे हे पद घटनेत कुठेही नाही. ते राष्ट्राध्यक्षांच्या आदेशातून आलं. मंत्रिमंडळ रिकामं झालं तेव्हा नेमकं तेच टिकलं.

इथे एका शब्दाचा गोंधळ आधी मिटवू. केनियात मंत्र्याला ‘कॅबिनेट सेक्रेटरी’ म्हणतात, बोलताना नुसतं ‘सीएस’. आपल्या दिल्लीतल्या कॅबिनेट सचिवाशी, त्या सनदी अधिकाऱ्याशी, याचा संबंध नाही. स्वाहिली बातम्यांमध्ये याच माणसाला ‘वाझिरी’ म्हणतात. आपला वजीर आणि हा वाझिरी एकाच अरबी शब्दाची लेकरं.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. आपल्याकडे मंत्री झालेल्याला सहा महिन्यांच्या आत विधिमंडळाचा किंवा संसदेचा सदस्य व्हावं लागतं. केनियात नेमकं उलट. 2010च्या घटनेचं कलम 152 सांगतं की कॅबिनेट सेक्रेटरी खासदार असता कामा नये. मंत्रिपद हवं असेल तर आधी जागा सोडायची. 2022मध्ये अदेन दुआले यांनी गरिसा टाउनशिपची, ॲलिस वाहोमे यांनी कंदाराची आणि किपचुम्बा मुरकोमेन यांनी सिनेटमधली, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातली, जागा अशीच सोडली होती. 11 जुलैच्या संध्याकाळी या तिघांकडे ना खातं होतं, ना सभागृहातलं बाक.

[नैरोबी, हरांबी ॲव्हेन्यू. सरकारी इमारती, फायली घेऊन आत जाणारे कर्मचारी.]

मंत्री नसताना खाती चालतात कशी? चालतात. प्रत्येक खात्यात निदान एक प्रिन्सिपल सेक्रेटरी असतो, ‘पीएस’. खर्चाची जबाबदारी त्याची, लेखाधिकारी तोच. पगार, बिलं, निविदा त्याच्या सहीने पुढे सरकतात. अडतं ते वेगळंच. कायद्याखालचे नियम काढायला मंत्र्याची सही लागते. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी असावा असं घटना म्हणते, पण निर्णय घ्यायला मंत्रिमंडळ तर हवं. घटनेने मंत्र्यांची संख्या किमान 14 आणि कमाल 22 ठरवली आहे. त्या आठवड्यात टेबलाभोवती मंत्री होता एक.

[राष्ट्राध्यक्ष यादी वाचताना. पाठोपाठ दुसऱ्या दिवसाचं, दुसऱ्या यादीचं चित्रण.]

आता कळीचा मुद्दा. मंत्र्यांना हलवायचे दोन मार्ग राष्ट्राध्यक्षांच्या हातात असतात. एक म्हणजे खातेबदल. याचं काढून त्याला द्यायचं. त्याला संसदेची मंजुरी लागत नाही, आदेश निघाला की झालं. दुसरा, बडतर्फी. माणूस एकदा काढला की तो बाहेरचा. त्यालाच परत घ्यायचं ठरलं, अगदी त्याच खात्यात, तरी नाव पुन्हा संसदेकडे पाठवायचं, पुन्हा सुनावणी, पुन्हा मतदान. रुटो यांनी दुसरा मार्ग निवडला. म्हणून परत येणाऱ्या प्रत्येकाला याच चाळणीतून जावं लागलं.

19 जुलैला पहिली यादी आली, 11 नावं. 24 जुलैला दुसरी, आणखी 10. बेरीज 21 येते, पण माणसं 20च. कारण रिबेका मियानो दोन्ही याद्यांत आहेत. पहिल्या यादीत ॲटर्नी जनरल म्हणून आणि पाच दिवसांनी पर्यटन खात्यासाठी.

या 20 जणांची मोजदाद जरा सावकाश करू. किथुरे किंडिकी गृह खात्यात होते, गृह खात्यातच आले. वाहोमे जमीन खात्यातून जमीन खात्यात. दुआले संरक्षणातून पर्यावरणात आणि सोइपान तुया पर्यावरणातून संरक्षणात, म्हणजे दोघांनी फक्त खुर्च्या बदलल्या. डेव्हिस चिरचिर ऊर्जेतून रस्ते वाहतुकीत, रस्त्यांचे मुरकोमेन युवक व क्रीडा खात्यात. सलीम म्वुर्या खाणींकडून व्यापाराकडे, अल्फ्रेड मुतुआ पर्यटनाकडून कामगार खात्याकडे. काढून टाकलेले ॲटर्नी जनरल जस्टिन मुतुरी लोकसेवा खात्यात. आणि मियानो. हे जुने चेहरे झाले 10. बरोबर निम्मे.

उरलेल्या निम्म्यांत चार नावं विरोधी ‘ऑरेंज डेमोक्रॅटिक मूव्हमेंट’ची, रायला ओडिंगांच्या पक्षाची. पक्षाध्यक्ष जॉन म्बादी यांना अर्थ खातं. उपनेते हसन जोहो आणि वायक्लिफ ओपारान्या यांना खाणी आणि सहकार. नॅशनल असेंब्लीतले, म्हणजे खालच्या सभागृहातले, विरोधी गटनेते ओपियो वांडायी यांना ऊर्जा. ज्या पक्षाने जूनमध्ये करवाढीच्या विरोधात मतं दिली, त्याच पक्षाच्या माणसाकडे ऑगस्टमध्ये तिजोरीच्या किल्ल्या. सरकारने याला ‘ब्रॉड-बेस्ड’ म्हणजे व्यापक पायाचं सरकार असं नाव दिलं. विरोधी बाकांवर त्यानंतर किती विरोध उरला, हा प्रश्न कॅमेऱ्यासमोर फार कुणी विचारला नाही.

[सुनावणीची खोली. लांब टेबल, समोर एकटी खुर्ची.]

ही खुर्ची नीट बघा. पुढचे चार दिवस सगळं हिच्याभोवती फिरतं.

पद्धत अशी. राष्ट्राध्यक्षांकडून नावं स्पीकरकडे येतात. स्पीकर मोझेस वेतांगुला नेमणूक समितीचे अध्यक्षही आहेत. समितीला सुनावणीच्या किमान सात दिवस आधी जाहीर सूचना काढावी लागते. कोणाही नागरिकाला आक्षेप घेता येतो, पण तो लेखी आणि शपथेवर हवा. इथेच पुष्कळ आक्षेप गळतात. संतापाने लिहिलेलं पत्र चालत नाही, शपथपत्र लागतं. दरम्यान समिती पाच ठिकाणांहून माहिती मागवते. करांची थकबाकी आहे का, हे महसूल प्राधिकरणाकडून. भ्रष्टाचाराची चौकशी चालू आहे का, हे नीतिमत्ता आयोगाकडून. गुन्ह्याची नोंद गुन्हे अन्वेषण विभागाकडून. पक्षातलं पद राजकीय पक्षांच्या निबंधकाकडून. आणि शिक्षणासाठी सरकारी कर्ज घेतलं असेल तर ते फेडलं का, हे उच्च शिक्षण कर्ज मंडळाकडून.

सुनावणी 1 ते 4 ऑगस्ट, रोज पाच जण, दूरचित्रवाणीवर थेट. प्रत्येकाला एक प्रश्न हमखास येतो, तुमची मालमत्ता किती? जोहो यांनी आकडा सांगितला तो दोन अब्ज शिलिंगांच्या वर. लोक घरी बसून हेच आकडे टिपून घेतात. खात्याचं काम काय करणार, याची उत्तरं तेवढी कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

नाव आल्यापासून 28 दिवसांत समितीने अहवाल द्यायचा आणि सभागृहाने कौल. सभागृहाने मुदतीत काहीच ठरवलं नाही तर? तर उमेदवार मंजूर झाला असं कायदा धरून चालतो. गप्प बसणं म्हणजे होकार. चाळणी बनवणाऱ्यांनी भोकं कोणत्या बाजूला मोठी ठेवली, ते या एका तरतुदीत दिसतं.

[7 ऑगस्ट. सभागृह. ‘हो’चा आवाज.]

20पैकी 19 मंजूर. अडलं एकच नाव, लिंगभाव खात्यासाठी सुचवलेल्या स्टेला सोई लांगाट यांचं. खात्याच्या विषयांची पुरेशी माहिती दिसली नाही, असं समितीने कारण दिलं. राजकीय वजन असलेलं एकही नाव या चाळणीत अडकलं नाही. लिंगभाव खात्याला पूर्णवेळ मंत्री मिळायला 2025चा एप्रिल उजाडला.

[8 ऑगस्ट. स्टेट हाउस. एका हातात बायबल किंवा कुराण, दुसरा हात वर.]

शपथ राष्ट्राध्यक्षांसमोर घ्यायची, प्रजासत्ताकाशी निष्ठेची आणि घटना पाळण्याची. एकेक जण पुढे येतो, वाचतो, सही करतो. कॅमेऱ्यांचे फ्लॅश.

पुढचे फेरबदल लहान आणि झटपट. ऑक्टोबरमध्ये सिनेटने महाभियोगाने गाचागुआंना हटवलं, त्यांच्या जागी किंडिकी आले. गृह खातं मोकळं झालं ते डिसेंबरमध्ये मुरकोमेन यांना मिळालं. हा खातेबदल, म्हणून सुनावणी नाही. मार्च 2025मध्ये मुतुरी गेले आणि लोकसेवा खात्यासाठी म्बेरे नॉर्थचे खासदार जेफ्री रुकू यांचं नाव आलं. रुकूंनाही खासदारकी सोडावी लागली.

[उगुंजा. मतदान केंद्र, रांग.]

आणि ही उगुंजा मतदारसंघातली रांग. वांडायी मंत्री झाले तेव्हा त्यांची ही जागा रिकामी झाली. घटना म्हणते, 90 दिवसांत पोटनिवडणूक. पण निवडणूक आयोगावर जानेवारी 2023पासून अध्यक्ष नव्हता, आयुक्त नव्हते. नवा आयोग जुलै 2025मध्ये बसला. मतदान झालं 27 नोव्हेंबर 2025ला, म्बेरे नॉर्थमध्येही त्याच दिवशी. म्हणजे मंत्र्याच्या शपथेनंतर उगुंजाला खासदार मिळायला पंधरा महिन्यांहून जास्त लागले.