टर्नर, फोरमन आणि बत्तीस मिलिसेकंद

(कोल्हापुरात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

माझे वडील उद्यमनगरात टर्नर होते. टर्नर म्हणजे लेथ चालवणारा, हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. त्यांच्या शॉपमध्ये फोरमन तासाला एक फेरी मारायचा. फेरीच्या वेळी ज्याचं मशीन फिरतंय तो कामाचा, ज्याचं थांबलंय तो कामचुकार, असा रोखठोक हिशोब. एक गडी पंचावन्न मिनिटं तंबाखू मळत बसायचा आणि फोरमनची चप्पल वाजली की चक फिरवायचा. वडील तासभर राबून नेमके टूलला धार लावायला ग्राइंडरवर गेलेले असायचे. शिव्या कुणाला बसायच्या, तुम्हीच ओळखा.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये हीच चोरी उलट्या बाजूनं होते. तिथं प्रोसेसर वापरला की खर्च नावावर पडतो, म्हणून पाहणीच्या वेळी काम करताना सापडायचंच नसतं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जुन्या आवृत्त्यांत ठरावीक वेळानं टिक, म्हणजे पाहणीचा ठोका, पडायची, सेकंदाला १०० किंवा १००० वेळा. त्या क्षणी प्रोसेसरवर जो टास्क, म्हणजे चालू प्रोग्राम, असेल, त्याच्या खात्यावर अख्खी टिक लिहिली जायची. टिकच्या जरासं आधी झोपायचं आणि ती गेली की उठायचं, एवढं ज्या प्रोग्रामला जमलं तो जवळजवळ फुकटात जेवून जायचा.

प्रोसेसर कुणाला कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. २००७ साली इंगो मोलनार यांचा सीएफएस हा शेड्युलर लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत आला आणि ही फेरी बंद झाली. कोण किती वेळ चालला ते नॅनोसेकंदात मोजायला लागले. प्रत्येक टास्कला वजन असतं. साध्या टास्कचं १०२४, आणि नाइस, म्हणजे टास्कचा मान ठरवणारा आकडा, एक पायरी वर नेला की वजन सव्वापट कमी, खाली आणला की सव्वापट जास्त. त्या प्रमाणात वाटा. एका प्रोसेसरपुरता प्रश्न मिटला म्हणायला हरकत नाही.

पण आज तुमच्या खिशातल्या फोनमध्येसुद्धा आठ कोर, म्हणजे एका चिपवर आठ प्रोसेसर, असतात. एका कोरवर गर्दी झाली की काही टास्क दुसरीकडं हलवायचे. कुठं किती गर्दी आहे हे कसं ठरवायचं? सुरुवातीला सोपं केलं होतं: रांगेत या घडीला जे उभे आहेत त्यांच्या वजनांची बेरीज. म्हणजे फोरमन गेला तो मागच्या दारानं परत आला! जो टास्क दर दोन मिलिसेकंदांनी क्षणभर डिस्ककडं जातो, तो मोजणीच्या वेळी रांगेत नसेल तर शून्य. जो सेकंदातून एकदा डोकं वर काढतो आणि तेवढ्यात सापडतो, त्याचे पूर्ण १०२४.

यावर जो तोडगा निघाला, तो लिहिणाऱ्याचं आडनावच टर्नर. गूगलमधले पॉल टर्नर. (वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग बरोबरच असणार.") २०१३ च्या ३.८ आवृत्तीत त्यांची पद्धत आली. तिला पेल्ट (पर-एंटिटी लोड ट्रॅकिंग) म्हणतात. मूळ कल्पना अशी, की भाराचा हिशोब कोरच्या रांगेवर ठेवायचा नाही, प्रत्येक टास्कनं आपली वही आपल्याजवळ ठेवायची. एका शॉपमधून दुसऱ्या शॉपमध्ये गेला, वही बरोबर. झोपला, तरी वही शाबूत. झोपलेल्या टास्कचा भार त्या कोरच्या खात्यावर काही काळ उतरत्या भावानं राहतो, कारण तो परत येणार आहे.

वहीत किती मागचं धरायचं? इथं मला पंचगंगा आठवते. राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर पावसाळ्यात आपण सगळे जगतो: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. गगनबावड्यात पाऊस उघडला म्हणून पाणी त्याच तासाला उतरत नाही. त्या पातळीत आजचा पाऊस आहे, कालचा जरा कमी आहे, परवाचा आणखी कमी आहे. पेल्टमधली भाराची पातळी अशीच चढते-उतरते. वेळेचे १०२४ मायक्रोसेकंदांचे, म्हणजे साधारण एक मिलिसेकंदाचे तुकडे केलेत. प्रत्येक तुकडा जुना झाला की त्याला एका ठरलेल्या आकड्यानं गुणायचं, जो ०.९७८ च्या आसपास आहे. तो असा निवडलाय की ३२ वेळा गुणलं की बरोबर अर्धं उरतं. बत्तीस मिलिसेकंदांपूर्वीचं काम आज आठ आणे, चौसष्टपूर्वीचं चार आणे. सुमारे ३४५ तुकड्यांनंतर उरतं ते धरण्याच्या लायकीचं नसतं.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे जुनी पानं जपावी लागत नाहीत. गूळ पेठेतला दिवाणजी जशी मागची शिल्लक पुढं ओढतो, तशी मागची बेरीज त्या आकड्यानं गुणायची आणि आजचा तुकडा मिळवायचा. बाकीची वही फाडून टाकली तरी चालते. आणि बत्तीसच का? बत्तीस गुणकांचा एक छोटा तक्ता तयार ठेवला की काम भागतं, कारण त्यापुढं प्रत्येक बत्तिशीला नुसतं अर्धं करायचं, आणि अर्धं करणं संगणकाला बिट सरकवण्याएवढं स्वस्त पडतं.

आता अवघड भाग. वहीत नेमकं लिहायचं काय? पेल्ट दोन निरनिराळ्या गोष्टी लिहितो. एक लोड, दुसरा युटिलायझेशन. लोडमध्ये टास्क चालत होता तो वेळ येतो आणि रांगेत ताटकळत होता तोही येतो, वर वजनानं गुणलेला. युटिलायझेशनमध्ये फक्त प्रत्यक्ष चाललेला वेळ.

एका कोरवर दोन टास्क आहेत, दोघंही सतत भुकेले. दोघांचंही लोड १०२४, कारण दोघं सतत चालताहेत नाहीतर थांबलेत. युटिलायझेशन मात्र प्रत्येकी ५१२ च्या आसपास (अख्खा कोर म्हणजे १०२४). अर्धीच भाकरी मिळाली, म्हणून अर्धीच लिहिली. उपाशी माणसाच्या पुढ्यात अर्धी भाकरी ठेवायची आणि वहीत 'याची भूक अर्धी' असं लिहायचं, हा हिशोब मला न्यायाचा वाटत नाही. पण कोर किती व्यापलाय हे कळायला हाच आकडा लागतो. २०१६ पासून लिनक्समधला स्केडयुटिल हा भाग त्याच्यावरूनच प्रोसेसरचा वेग ठरवतो. म्हणून दोन्ही वह्या लागतात, आणि कुठल्या निर्णयाला कुठली उघडायची यावर अजूनही वाद होतात.

फोनवर याचा चटका लगेच बसतो. तुम्ही दहा सेकंद वाचत थांबलात, मग बोट फिरवलं. चित्र काढणाऱ्या टास्कची पातळी तोवर तळाला गेलेली. वेग खालीच राहतो, पान अडखळतं, आणि आकडा चढेपर्यंत तुम्ही मोबाइलला नावं ठेवून मोकळे. २०१८ च्या ४.१७ आवृत्तीत यावर युटिल-एस्ट आलं: झोपण्यापूर्वी टास्क किती काम करत होता ते लक्षात ठेवायचं आणि उठल्यावर तिथून धरायचं. अँड्रॉइडच्या काही कर्नलांत (कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) अर्धं व्हायचा काळ ३२ वरून १६ किंवा ८ वर आणायची सोय केली गेली. पातळी लवकर चढते, पण थोड्याशा धक्क्यानंही चढते, आणि बॅटरीतून वसुली होते.

सरासरीनंही फसायला होतं. २०१६ मध्ये काही संशोधकांनी दाखवलं, की ६४ कोरच्या मशीनवर रांगेत टास्क उभे असताना काही कोर चक्क मोकळे बसलेत. कोरच्या एका गटात एकच जड टास्क असला की त्या गटाची सरासरी फुगायची आणि शेड्युलरला वाटायचं, हे तर कामात बुडालेत. २०२० च्या ५.५ आवृत्तीत व्हिन्सेंट गिटो यांनी ही समतोलाची यंत्रणा नव्यानं लिहिली. आता कोण मोकळं आहे हे आधी बघतात. टास्क निवडायचा नियमही २०२३ मध्ये बदलला, सीएफएसच्या जागी ईईव्हीडीएफ आला. पेल्ट मात्र टिकून आहे.

एक खुलासा, कारण मुलाखतीत हमखास घोळ होतो. अपटाइम कमांडला जे तीन आकडे दिसतात, १, ५ आणि १५ मिनिटांचे, ते हे लोड नव्हे. त्यात डिस्कसाठी अडकून पडलेले टास्कही मोजलेले असतात. एका ठिकाणी लोड चाळीस दिसतंय म्हणून नवीन प्रोसेसर मागवायला निघाले होते. प्रोसेसर थंडगार होता, अडकली होती ती नेटवर्कवरची डिस्क.

घरी लिनक्स असेल तर आज रात्री एक करून बघा. टर्मिनलमध्ये रिकामा लूप सोडा. 'प्रॉक'मध्ये (/proc) त्या प्रोसेसच्या नंबराचं फोल्डर असतं, त्यातली 'शेड' (sched) नावाची फाइल वाचा. बहुतेक मशीनवर युटिलायझेशनचा आकडा हजाराकडं गेलेला दिसेल. मग कंट्रोल-झेड दाबून लूप थांबवा, चहा घेऊन या आणि फाइल परत वाचा. आकडा तिथंच गोठलेला असेल. झोपलेल्याच्या वहीवर दर मिलिसेकंदाला कुणी बसत नाही. तो उठला की मधल्या काळाची वजावट एका झटक्यात होते, तेव्हा लूप पुन्हा सुरू करून तिसऱ्यांदा वाचायचं असेल तर हात चपळ ठेवा. आकडा खाली जाऊन परत वर यायला एका सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो.