मेंदूचा सातबारा

नमस्कार.

ज्यांच्या घरी कधी शेताची मोजणी झाली आहे, त्यांना आजचा विषय अर्धा आधीच ठाऊक आहे. मोजणीदार येतो, नकाशा उघडतो आणि कागदावरची रेघ एकीकडे, बांध दुसरीकडे असं निघतं. जुना सर्व्हे नंबर एक, एकत्रीकरणानंतरचा गट नंबर दुसरा, त्यात भावाभावांचे पोटहिस्से. जमीन तीच असते, पण तिची नावं तीन. मेंदूच्या नकाशांची कथा बरीचशी अशीच आहे. फरक इतकाच, की इथे माणूस, माकड, उंदीर आणि पाखरू या चौघांच्या जमिनी शेजारी ठेवून कुठला तुकडा कुठल्या तुकड्याचा भाऊ, हे ठरवायचं असतं.

सुरुवात बर्लिनमधून करू. कोर्बिनियन ब्रॉडमन हा जर्मन मेंदूशास्त्रज्ञ १९०१ मध्ये तिथे ओस्कार आणि सेसिल फोक्ट या दांपत्याच्या प्रयोगशाळेत आला. त्याच्या हाती साधनं दोनच, सूक्ष्मदर्शक आणि निस्सलचं रंजक. हे रंजक चेतापेशींचं शरीर तेवढं जांभळंनिळं करतं, बाकीचं फिकं राहतं. मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे त्याच्या वरच्या सालीची, जाडी असते दोन ते चार मिलिमीटर, आणि तेवढ्यात सहसा पेशींचे सहा थर बसलेले असतात. काप पाहत पुढे सरकलं की मध्येच एखादा थर जाड होतो, एखादा विरतो. जिथे रचना बदलते तिथे बांध, इतकी सरळ त्याची रीत होती.

काही बांध अगदी ढळढळीत असतात. दृष्टीच्या भागातला पांढरा पट्टा पार्मामधल्या फ्रान्चेस्को जेन्नारी नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १७७६ मध्ये सूक्ष्मदर्शकाशिवाय पाहिला होता. पण बरेचसे बांध असे नसतात. रचना हळूहळू, उतार उतरावा तशी बदलत जाते आणि रेघ कुठे मारायची हे बघणाऱ्याच्या सरावावर येतं. १९०९ च्या ग्रंथात ब्रॉडमनने बाह्यकाला दिलेले क्रमांक ५२ पर्यंत जातात. व्हिएन्नात फॉन एकोनोमो आणि कोस्किनास यांनी १९२५ मध्ये माणसाच्याच बाह्यकात शंभराहून जास्त भाग पाडले आणि क्रमांकांऐवजी अक्षरं वापरली. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या गटाने २१० जिवंत माणसांच्या एमआरआयवरून एका अर्धगोलात १८० भाग मोजले. मेंदू तोच असला, तरी मोजणीची साखळी दर वेळी वेगळी होती.

ब्रॉडमनच्या क्रमांकांत गुपित काही नाही. काप पाहताना जो भाग ज्या क्रमाने समोर आला, तो त्याचा क्रमांक. म्हणून हालचालींचा भाग ४, दृष्टीचा १७, आणि बोलण्याशी निगडित ४४ आणि ४५. मात्र माणसाच्या नकाशात १३ ते १६ हे क्रमांक सापडत नाहीत. विद्यार्थी विचारतात, गाळले की काय? गाळले नाहीत, ते दुसऱ्या प्राण्यांसाठी खर्च झाले. ब्रॉडमनने माणसाबरोबर माकडं, लेमूर, वटवाघूळ, ससा, साळिंदरासारखा काटेरी पण आकाराने लहान असा हेजहॉग, या सगळ्यांचे मेंदू कापले होते आणि सगळ्यांना मिळून एकच क्रमांकमाला वापरली होती. त्याच्या ग्रंथाचा गाभा मला इथे दिसतो. सशातला १७ आणि माणसातला १७ यांना एकच आकडा देताना तो सांगत होता, की हे दोन्ही एका पूर्वजाकडून आलेले आहेत. आकडा हा पत्ता होता आणि नात्याचा दावाही. हा माणूस ४९ व्या वर्षी, १९१८ मध्ये गेला. त्याआधी बर्लिनच्या विद्याशाखेने त्याचा प्रबंध नाकारला होता. आज जगातल्या प्रत्येक मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत त्याचे आकडे बोलले जातात. मला ही गोष्ट सांगताना दर वेळी वाईट वाटतं.

आता नात्याचं अवघड होतं ते इथे. मराठीत काका, मामा, आतोबा, मावसोबा असे वेगवेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकात नातं कुठून आलं ते दिसतं. इंग्रजीत चौघांना एकच शब्द पुरतो. प्राण्यांच्या मेंदूंची नावं लावताना शास्त्रज्ञांनी दोन्ही तऱ्हा केल्या. नातं असून नावं वेगळी ठेवली, आणि नातं पक्कं नसताना नाव एक केलं.

पहिलीचं उदाहरण. बेडकाच्या किंवा माशाच्या मध्यमेंदूत डोळ्यांकडून येणारे तंतू जिथे पोचतात त्या भागाला लॅटिनमध्ये 'छप्पर' म्हणतात, टेक्टम. माणसात तोच भाग लहान झाला, त्याचा उंचवटा उरला, तेव्हा शरीररचनाकारांनी त्याला 'टेकडी' म्हटलं, कॉलिक्युलस. माशी पकडायला बेडूक वळतो आणि आवाजाच्या दिशेला आपले डोळे वळतात, यामागे हाच वारसा आहे. पण पाठ्यपुस्तकात छप्पर एका प्रकरणात आणि टेकडी दुसऱ्या, त्यामुळे नातं विद्यार्थ्याच्या लक्षातच येत नाही.

क्रमांकांचेही असे घोळ आहेत. कपाळामागे, डोळ्याच्या खोबणीवरच्या बाजूला जो भाग आहे त्याला ब्रॉडमनने माणसात ४७ म्हटलं. १९४० मध्ये वॉकरने मकाक माकडाच्या नकाशात तिथल्या भागाला १२ म्हटलं. अनेक वर्षं माणसावर काम करणारे ४७ म्हणत राहिले, माकडावर काम करणारे १२. शेवटी मायकेल पेट्रिडिस आणि दीपक पांड्या यांनी दोन्ही मेंदू एकाच कसोटीने तपासून ४७/१२ असा जोडक्रमांक रूढ केला. आपल्याकडे हा आकडा पाहून कुणालाही पोटहिस्सा वाटेल, पण इथे तिरकी रेघ वाटणीची नाही. दोन खातेउतारे एकाच जमिनीचे आहेत, असं ती सांगते.

दुसरी तऱ्हा जास्त धोक्याची आहे, कारण त्यात रुग्ण येतो. कपाळामागच्या आतल्या बाजूला माणसात २५ आणि ३२ हे भाग आहेत. २००५ मध्ये हेलन मेबर्ग आणि सहकाऱ्यांनी औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात २५ जवळ विद्युत्प्रवाह देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, त्यामुळे या भागाला मोठं महत्त्व आलं. उंदरात २५ चा जोडीदार म्हणून इन्फ्रालिंबिक नावाचा भाग आणि ३२ चा जोडीदार म्हणून प्रीलिंबिक नावाचा भाग धरला जातो. उंदरांवरच्या प्रयोगांतून चित्र तयार झालं, की प्रीलिंबिक भाग भीती पुढे रेटतो आणि इन्फ्रालिंबिक ती शमवायला मदत करतो. मग केंब्रिजच्या गटाने मार्मोसेट या छोट्या माकडात २५ आणि ३२ तात्पुरते बंद करून पाहिले. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला, आणि तो उलटा होता. माकडात २५ बंद केल्यावर भीती कमी झाली, ३२ बंद केल्यावर वाढली.

मग चुकलं कोण? माझं मत असं, की प्रयोग दोन्हीकडचे नीट होते. आपण जोडीचं नाव लावलं आणि त्या नावावर प्रयोगापेक्षा जास्त विश्वास टाकला. दोन भाग 'तेच' आहेत हे ठरवायचे पुरावे निरनिराळे असतात. जागा कुठली, पेशींचे थर कसे, तंतू कुठून येतात आणि कुठे जातात, गर्भात कुठल्या पेशींपासून भाग घडला, कुठली जनुकं तिथे चालू असतात. हे साक्षीदार प्रत्येक वेळी एकच साक्ष देत नाहीत. उंदराच्या कपाळामागच्या बाह्यकात माणसात असतो तसा दाणेदार चौथा थर नाही. थर पाहणारा म्हणेल हा तो भाग नव्हे, तंतू पाहणारा म्हणेल तोच आहे. नकाशाने यातली कुठली साक्ष धरली, हे नकाशावर लिहिलेलं असायला हवं. बहुतेक वेळा नसतं.

सगळ्यात मोठी चूक पाखरांच्या बाबतीत झाली. फ्रँकफर्टच्या लुडविग एडिंगरने विसाव्या शतकाच्या आरंभी पक्ष्यांच्या मेंदूला नावं दिली. त्याची समजूत अशी, की उत्क्रांतीत मेंदूवर थरावर थर चढत गेले आणि विचाराचा थर फक्त सस्तन प्राण्यांना मिळाला. म्हणून पक्ष्याच्या मोठ्या मेंदूतल्या जवळपास सगळ्या भागांच्या नावात त्याने 'स्ट्रायटम' घातलं. सस्तन प्राण्यांत हे नाव खोल गाभ्यातल्या, सवयीच्या हालचालींशी जोडलेल्या भागाचं आहे. नावानेच निकाल देऊन टाकला, की पाखरू विचार करत नाही, ठरलेलं वागतं. १९६० च्या दशकात हार्वे कार्टेन आणि इतरांनी तंतूंचे मार्ग आणि रासायनिक खुणा तपासून दाखवलं, की यातला मोठा हिस्सा पॅलियम आहे, म्हणजे आपलं बाह्यक ज्या पांघरुणातून घडलं त्याच्याच गोत्रातला. तरी नावं जुनीच चालली. कावळ्यांवर आणि पोपटांवर एकामागून एक प्रयोग होत होते आणि त्यांच्या मेंदूच्या आकृतीवर मात्र 'स्ट्रायटम' छापलेलं असे.

२००२ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात पक्षीमेंदूचे अभ्यासक एकत्र जमले आणि त्यांनी नावं बदलली. २००४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यांचा व्यवहारीपणा मला फार आवडतो. शंभर वर्षांचं लिखाण वाया जाऊ नये म्हणून त्यांनी शक्य तिथे आद्याक्षरं तशीच ठेवली. पक्ष्याच्या मेंदूत गाण्याच्या वाटेवर आरए नावाचं केंद्र आहे. त्यातला 'ए' आधी आर्किस्ट्रायटमचा होता, आता आर्कोपॅलियमचा झाला. एचव्हीसी या केंद्राचं पूर्ण रूप तर साफ चुकीचं ठरलं होतं, तेव्हा त्यांनी ठरवलं की ही तीन अक्षरं हेच आता त्याचं नाव. आपल्या मुनियांच्या कुळातल्या झेब्रा फिंचच्या गाण्यावर पुण्यात आयसर या विज्ञानसंस्थेतही काम चालतं. तिथला विद्यार्थी पहिल्याच दिवशी ही अक्षरं शिकतो.

'निओस्ट्रायटम' म्हणजे नवा स्ट्रायटम, हे नाव बदलताना 'एन' राखायचा होता. त्यांनी निवडलं निडोपॅलियम. निडुस म्हणजे लॅटिनमध्ये घरटं. संस्कृतातून आपल्याकडे आलेला 'नीड' हा शब्द त्याचा खराखुरा भाऊ आहे. दोघांचा पूर्वज एकच, भाषाशास्त्रज्ञांनी तो ध्वनिबदलाच्या नियमांनी ताडून पाहिलेला. कावळा काडी वाकवून अन्न बाहेर काढायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या मेंदूचा जो मागचा भाग कामाला लागतो, तो या नीडात आहे.