भिंतीवरची पाण्याची रेघ

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. परंतु न्यू ऑर्लीन्स शहर बुडाले ते कालव्यांचे पूरबांध फुटल्यामुळे. सुमारे 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. कित्येक आठवड्यांनी पाणी ओसरले, तेव्हा घराघरांच्या भिंतींवर एक तपकिरी रेघ उरली होती आणि तिच्यावर पार छतापर्यंत बुरशी चढली होती.

2006 च्या वसंत ऋतूतील सुट्टीत हिलेल या ज्यू विद्यार्थी संघटनेतर्फे ठिकठिकाणच्या विद्यापीठांतील मुलेमुली या किनाऱ्यावर आली. घर उभारायला आलेल्या या मुलांच्या हाती आधी पहारी आणि फावडी पडली, कारण ओल धरलेले जिप्समचे तक्ते, त्यांच्यामागचे अस्तर आणि फुगलेल्या फरशा उखडून केवळ लाकडी सांगाडा उरेपर्यंत बुडालेले घर दुरुस्तीला घेताच येत नाही. महिनोन् महिने बंद पडलेले फ्रिज चिकटपट्टीने गुंडाळून, दार न उघडता, बाहेर काढावे लागत. मजुरांकडून हे करून घ्यायचे तर हजारो डॉलर लागत, आणि विम्याचा आधार नसलेल्या कुटुंबांना ते झेपणारे नव्हते.

सर्वांत अवघड काम मात्र अंगमेहनतीचे नव्हते. चिखलात माखलेला लग्नाचा अल्बम किंवा मुलाचे पाळण्यातले कपडे रस्त्याकडेच्या ढिगावर टाकण्याआधी घरमालकाला विचारणे, आणि तो गप्प राहिला तर थांबणे, हे त्या विशीतल्या मुलांना तिथेच शिकावे लागले. ती घरे केवळ ज्यूंची नव्हती. मोडलेले जग सांधणे या अर्थी ‘टिक्कून ओलाम’ हा शब्द ज्यू घरांत लहानपणापासून कानांवर पडतो. इथे तो हातमोजे आणि मास्क घालून आचरायचा होता.

न्यू ऑर्लीन्समधील लेकव्ह्यू भागात बेथ इस्रायल हे सिनेगॉगही, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळही, बुडाले होते. त्यातील सात सेफेर तोरा, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, निकामी झाल्या. धर्मनियमानुसार असे ग्रंथ फेकत नाहीत, म्हणून माणसाला मूठमाती द्यावी तशा त्या दफनभूमीत पुरण्यात आल्या. बेघर झालेल्या या सनातनी मंडळीला मेटरी या उपनगरातील गेट्स ऑफ प्रेयर या सुधारणावादी सिनेगॉगने आपल्या वास्तूत प्रार्थनेला जागा दिली, आणि 2012 मध्ये त्याच सिनेगॉगच्या शेजारी बेथ इस्रायलची नवी वास्तू उभी राहिली.