सहा वाजता पुन्हा कामावर

मंडळी, परमवीर चक्राचे पहिले पाच मानकरी बघा. पाचही जण १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातले. सोमनाथ शर्मा, जदुनाथ सिंग आणि पिरू सिंग रणांगणावरच पडले. करम सिंग आणि रामा राघोबा राणे हे दोघे परत आले. आज मी बोलणार आहे ते परत आलेल्या राण्यांबद्दल.

कारवारजवळचं चेंडिया हे त्यांचं गाव. जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलिसात, बदलीची नोकरी, त्यामुळे शाळा आज इथे तर उद्या तिथे. १९४० साली बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे रस्ते करणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या आपल्या खडकीच्या पलटणीत, साधे जवान म्हणून भरती झाले. ब्रह्मदेशात जपान्यांशी लढले, हवालदार झाले आणि डिसेंबर १९४७ मध्ये अधिकारी. चारच महिन्यांनी जम्मू भागातला नौशेरा-राजौरीचा रस्ता समोर आला.

राजौरी शत्रूच्या ताब्यात, तिथल्या लोकांचे हाल चालले होते, रणगाडे लवकर पोहोचायला हवे होते आणि रस्ताभर सुरुंग पेरलेले. ८ एप्रिलला काम सुरू होतं न होतं तोच उखळी तोफांचा मारा आला. दोन जवान ठार, पाच जखमी. त्या पाचांत राणे स्वतः. तरी ते थांबले नाहीत. पुढचं त्यांच्या पदकाच्या मानपत्रात अगदी घड्याळ लावून लिहिलंय. त्या रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी बाजूने जाणारा बगलरस्ता खणला. ९ तारखेला पहाटे सहाला पुन्हा हजर, दुपारी तीनला रस्ता तयार. मग पाइनची झाडं आडवी टाकून केलेला अडथळा, सुरुंगाने उडवला. तीनशे यार्डांवर पुन्हा तसाच. पुढे उडवलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. १० तारखेला पहाटे पावणेपाचला कामाला लागून साडेसहापर्यंत तेही साफ. दुपारी दोनला रणगाडे राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोहोचले, आणि हा माणूस मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत विश्रांती नाही, जेवण नाही, असा रस्ता करत राहिला. ११ ला परत सहा वाजता! १२ तारखेला राजौरी घेतली.

शूर म्हटला की आपल्याला छातीवर गोळ्या झेलणारा एक क्षण आठवतो. राण्यांकडे तसा क्षण शोधून सापडत नाही. चार दिवस खणणं, उचलणं, बाजूला करणं. मला तर हा मस्टरवर सही करून कामाला लागणारा माणूस वाटतो, फक्त कामाच्या जागी गोळीबार चालू आहे एवढंच. आणि म्हणूनच त्यांचं पुढचं आयुष्य मला या पदकापासून वेगळं काढता येत नाही.

लग्न १९५५ सालचं, छत्तिशी उलटल्यावर. त्या काळी उशीरच म्हणायचा. पत्नी राजेश्वरीबाई. तीन मुलगे, एक मुलगी. फौजी संसारात बायको अर्धं सामान ट्रंकेतच ठेवते, कधी हलावं लागेल सांगता येत नाही. बदलीवाल्या बापाचं पोर असणं काय असतं, हे राण्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, तेव्हा थोरलं मूलसुद्धा शाळेच्या वयाचं असणार, म्हणजे पेन्शन सुरू झाली तरी घराची जबाबदारी ऐन भरातच होती. परमवीर चक्र असलं म्हणून मुलांच्या फिया काही माफ होत नाहीत.

एक गंमत सांगतो. १९८४ साली शिपिंग कॉर्पोरेशनने तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव दिलं. अशी नावं बहुधा गेलेल्यांची असतात; इथे नावाचा मालक हयात होता. राणे गेले ते त्यानंतर दहा वर्षांनी, ११ जुलै १९९४ ला, पुण्यात. म्हणजे नौशेरानंतर सेहेचाळीस वर्षं. २०२३ मध्ये अंदमानातल्या एका बेटालाही त्यांचं नाव मिळालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. गोव्याला जाणारे तुम्ही, थोडं पुढे गेलात तर बघता येईल.

आता प्रश्न घेऊ.