स्फिंक्सच्या पोटातलं घर

नमस्कार श्रोतेहो.

शिल्प म्हटलं की आपण त्याच्याभोवती एक चक्कर मारतो, फोटो काढतो आणि पुढं जातो. त्याच्या पोटात शिरून गॅसवर चहाचं आधण ठेवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. निकी द सां फाल या फ्रेंच-अमेरिकन शिल्पकर्तीनं मात्र चक्क शिल्पातच बिऱ्हाड थाटलं.

इटलीत, तोस्काना प्रांतात, कापाल्बिओ गावाजवळ तिची टॅरो बाग आहे. टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या, पत्त्यांमधली 22 मुख्य चित्रं तिथं शिल्परूपात उभी आहेत, त्यांतली काही इमारतीएवढी. ठिणगी पडली 1955मध्ये, बार्सिलोनातलं वास्तुकार गौदीचं पार्क ग्वेल हे उद्यान पाहून. बाग लोकांसाठी खुली झाली ती 1998मध्ये!

पत्त्यांतली सम्राज्ञी निकीनं स्फिंक्सच्या, म्हणजे बाईचं तोंड आणि सिंहाचं धड असलेल्या प्राण्याच्या, रूपात घडवली आणि काम चालू असताना कित्येक वर्षं तिथंच मुक्काम ठोकला. एका स्तनात निजायची खोली, दुसऱ्यात स्वयंपाकघर. माइकसमोर हे सांगताना मी जरा अवघडलोय, निकी मुळीच अवघडली नव्हती. आतल्या भिंती आणि छत आरशाच्या तुकड्यांनी मढवलेलं. सरळ भिंत औषधालाही नाही. मग कपाट टेकवायचं कुठं, हा आपला मध्यमवर्गीय प्रश्न!

मला विचाराल तर खरी गंमत बांधणीत आहे. तिचा नवरा, शिल्पकार जाँ टिंगेली, यानं साथीदारांसह लोखंडी सळया वेल्ड करून सांगाडे उभे केले. त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा फवारा. मग ओली माती थेट शिल्पावर थापायची, तिचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर नंबर घालायचा, भट्टीत भाजून पुन्हा नेमक्या जागी बसवायचे. भाजल्यावर माती आकसते, फटी राहतात. त्या काचेनं भरल्या. राबणारी माणसं बरीचशी गावातलीच, त्यांत एक पोस्टमनसुद्धा. संधिवातानं निकीचे हात आखडले, तरी काम थांबलं नाही. पैसे कमी पडले तेव्हा तिनं स्वतःच्या नावाचं अत्तर बाजारात आणलं.

तसं राहण्याजोगं कोरीवकाम आपल्याला नवं नाही. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात भिक्षूंचे निजायचे ओटेही त्याच खडकातले. पण तिथं दगड काढत काढत घर झालं, इथं मोकळ्या रानात थरावर थर चढवून.

कधी जाणं झालंच, तर गाइड शोधू नका. निकीच्या इच्छेनुसार बागेत गाइड नसतात. वाट आपली आपणच काढायची.

नमस्कार.