कॉस्टिकच्या रसातलं पाणी

(दृश्य: निकेलच्या मुशीत वितळत जाणारे पांढरे दाणे)

हा कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. बेसिन तुंबलं की ओततात तोच. तापमान 320 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचा असा पातळ, पाण्यासारखा दिसणारा रस होतो. कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, जवळपास समप्रमाणात मिसळलं, तर मिश्रण 170 अंशांच्या आसपासच वितळतं.

पाणी उदासीन असतं, ना आम्ल ना आम्लारी, हे आपण शाळेत शिकलो. या रसात तसं नाही. इथे दोन हायड्रॉक्साइड आयन (विद्युतभारित कण) एकत्र येतात, त्यातून पाण्याचा एक रेणू तयार होतो आणि एक ऑक्साइड आयन उरतो. या जोडीतलं आम्ल म्हणजे पाणी, आणि ऑक्साइड आयन म्हणजे आम्लारी. रसायनशास्त्रज्ञ सरळ 'ओला रस' आणि 'कोरडा रस' असं म्हणतात. ओला तो आम्लधर्मी, कोरडा तो आम्लारिधर्मी. सामू मोजतो त्याच धर्तीवर इथे पाण्याचं प्रमाण मांडतात.

या विचाराचा पाया 1939 मध्ये जर्मनीच्या हर्मन लक्स यांनी घातला, आणि 1947 मध्ये नॉर्वेच्या होकोन फ्लूड यांनी तो पुढे नेला. ऑक्साइड आयन देईल तो आम्लारी, घेईल ते आम्ल. या हिशेबाने वाळूसुद्धा आम्ल ठरते. काच वाळूपासूनच बनते, म्हणूनच हा रस काच खातो, आणि मूस निकेलची किंवा चांदीची घ्यावी लागते.

(दृश्य: कास्टनरच्या भट्टीचं रेखाचित्र)

या पाण्याची खरी किंमत कळली ती कारखान्यात. अमेरिकेत जन्मलेले हॅमिल्टन कास्टनर इंग्लंडमध्ये ओल्डबरीला सोडियम बनवत होते. 1890 च्या सुमारास त्यांनी वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून वीज सोडण्याची पद्धत आणली. लोखंडी भांडं, मधोमध ऋणाग्र, भोवती निकेलचं धनाग्र, आणि दोन्हींमध्ये तारेची जाळी. सोडियम रसापेक्षा हलकं, त्यामुळे ते वर तरंगायचं. कामगार ते भोकं पाडलेल्या झाऱ्याने काढायचे. कॉस्टिक भोकांतून गळून जायचं, पण पृष्ठताणामुळे वितळलेलं, चकाकणारं सोडियम झाऱ्यातच राहायचं. किती नेमकी युक्ती!

पण धनाग्रावर हायड्रॉक्साइड आयन इलेक्ट्रॉन गमावतात, तेव्हा ऑक्सिजनबरोबर पाणीही तयार होतं. ते रसात मुरतं, ऋणाग्राकडे सरकतं आणि नुकतंच जन्मलेलं सोडियम पुन्हा कॉस्टिक करून टाकतं. सोबत हायड्रोजन निघतो. परिणामी निम्म्याहून जास्त वीज सोडियमच्या रूपात कधीच हाती लागत नसे. दोष भट्टीच्या बांधणीत नव्हता. रसाच्या रसायनातच ही मर्यादा होती. तरीही ही पद्धत तीसेक वर्षं टिकली. 1924 मध्ये डाउन्स यांची वितळलेल्या मिठाची भट्टी आली आणि कॉस्टिकची भट्टी हळूहळू मागे पडली.

(दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काळे स्फटिक)

कास्टनरना नडलेलं हेच पाणी पुढे प्रयोगशाळेत उपयोगी पडलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जगभर तांब्याच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या अतिवाहकांची, म्हणजे खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांची, धूम होती. ते बनवायचे म्हणजे पावडरी एकत्र दळायच्या आणि 900 अंशांच्या वर तासन्‌तास भाजायच्या. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात अँजेलिका स्टेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. ओल्या रसात लॅन्थॅनम नावाचा धातू आणि तांबं यांची ऑक्साइडं विरघळतात, कारण आम्ल असलेलं पाणी त्यांचा ऑक्साइड आयन काढून घेतं. मग रस वाळू द्यायचा. पाणी वाफ होऊन जातं तसे ऑक्साइड आयन वाढतात, धातूंना विरघळून राहणं जमत नाही, आणि अतिवाहक रसातून थेट बाहेर पडतो. त्यासाठी तापमान वाढवावं लागत नाही की घटवावं लागत नाही. रस किती ओला ठेवायचा आणि किती वेगाने वाळवायचा, यावर कुठलं संयुग मिळणार ते ठरतं. शेवटी थंड झालेलं कॉस्टिक साध्या पाण्याने धुऊन टाकलं, की मुशीत उरतं ते अतिवाहक ऑक्साइड.